व्हाइटफील्डची पाचची फॉलइन



मागचा लेख टाकून बरेच महिने झाले. पलटणीतल्या दोघातिघांनी फोन करून विचारलं, "हवालदारसाहेब, लिहिणं पण पेन्शनीत काढलं का?" तसं काही नाही. सियाचीनवर लिहून झालं, कुपवाड्यावर झालं, बेळगावच्या रिक्रूट दिवसांवर तर तीन लेख झाले. आताच्या पोस्टिंगवर काय लिहावं, तेच कळत नव्हतं. २०२२ ला चोवीस वर्षं पुरी करून घरी आलो. आठ महिने गावात बसून काढले. मग आपल्याच एका जोडीदारानं बेंगळुरूला बोलावून घेतलं. व्हाइटफील्डला एका कंपनीच्या गेटवर मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. मूव्ह ऑर्डर नाही, रेल्वे वॉरंट नाही, पण मी हिला पोस्टिंगच म्हणतो. बाकी काय म्हणणार?

ज्यांनी व्हाइटफील्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. म्हैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन लोकांना वसाहतीसाठी जमीन दिली, १८८२ च्या सुमारास. त्यांचा पुढारी व्हाइट नावाचा माणूस, म्हणून व्हाइटफील्ड. त्या जुन्या वसाहतीचा इनर सर्कल म्हणून गोल रस्ता अजून आहे. मोठी झाडं, दोनचार कौलारू बंगले, आणि त्याच्या चारी बाजूंना काचेच्या इमारती. मार्च २०२३ मध्ये इथपर्यंत मेट्रो आली. ती यायच्या आधी होप फार्मच्या चौकात ज्यानं गाडी चालवली त्याला झोजिलावर कॉन्व्हॉय नेणं जड जाणार नाही.

मी काडुगोडीला एका खोलीत राहतो, आणखी दोन फौजी आहेत. एक मद्रास रेजिमेंटचा, एक ईएमईचा. घर गावाकडे. पोरगी तेव्हा अकरावीला होती. ड्यूटीआधी पहाटे मी इनर सर्कलला धावायला जायचो, ती एक सवय सुटलेली नाही. सवय म्हणजे दुसरं काही करायलाच नव्हतं, खरं सांगायचं तर.

तिथंच मला तो भेटला. नाव लिहीत नाही, या लेखात कुणाचंच नाव लिहिणार नाही. लोकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न असतो. त्याला नागपूरकर म्हणू. वय छत्तीस-सदतीस, आमच्याच कंपनीत इंजिनियर. गेटवर रोज कार्ड टेकवून आत जायचा तेव्हा मी "गुड मॉर्निंग सर" म्हणायचो आणि तो मोबाइलमधून मान न काढता हलवायचा. एक दिवस पहाटे मी त्याला मागे टाकून पुढे गेलो, तर मागून ओरडला, "ओ भाऊ! तुम्ही तं आपल्या गेटवरचे ना? मराठी आहे का तुम्ही?"

मराठी निघाल्यावर काय, पुढच्या तीन फेऱ्या आम्ही बरोबर मारल्या. त्याला दम लागत होता, तरी बोलायचं थांबत नव्हता. म्हणाला, आमचा एक क्लब आहे, ट्रायथलॉनचा. तुम्ही या. तुमच्यासारखं धावणारं आमच्यात कोणी नाही.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग अंगावरच्या ओल्या कपड्यानिशी सायकल, आणि सायकल टाकली की धावायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही. हा खेळ आपल्याच बिरादरीतल्या माणसानं मोठा केलाय, हे मला नंतर कळलं. अमेरिकेच्या नौदलात जॉन कॉलिन्स नावाचे अधिकारी होते. हवाई बेटांवर पोस्टिंग. पोहणारा जास्त दमदार, धावणारा की सायकलवाला, असा वाद जेवणाच्या टेबलावर निघाला. आपल्याकडे असा वाद मेसमध्ये निघाला तर दोन पेगनंतर विरून जातो. यांनी तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाला एक जोडल्या. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण उतरले, बारा पोहोचले. दुसरा आला तो नेव्हीच्या सील कमांडोंमधला जुना माणूस. शेवटी शेवटी त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तर त्यांनी त्याला बिअर पाजली. आमच्या नागपूरकराला हा किस्सा फार आवडतो, प्रत्येक नवीन मेंबरला सांगतो.

आपल्या सेनेचंही नाव यात आहे. २०१८ मध्ये मेजर जनरल विक्रम डोगरा साहेबांनी ऑस्ट्रियात पूर्ण आयर्नमॅन केली. २०१९ ला गोव्यात पहिली अर्धी आयर्नमॅन झाली, १.९ किलोमीटर समुद्रात, ९० सायकल, २१ धावणं. ती जिंकली आपल्या सेनेच्याच बिश्वोरजीत सायखोमनं. हे ऐकून छाती फुगली. म्हटलं, बघू या.

एकच अडचण होती. मला पोहता येत नव्हतं.

हसू नका. मी माणदेशातला. आमच्याकडे धावणारे निघतात. मोहीची ललिता बाबर ऑलिंपिकच्या फायनलला जाऊन दहावी आली, ती आमच्याच तालुक्यातली. पण पोहणारे कुठून निघणार? माणगंगेला पाणी दिसलं तर लोक बघायला जातात. उन्हाळ्यात आमच्या विहिरीत पोहरा सोडला की तो खडकावर वाजायचा. कृष्णाकाठचे जोडीदार भोपळा बांधून पाच वर्षांचे असताना नदीत पडलेले असायचे, आम्ही टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभे. फौजेत पाण्यात उतरवलं, नाही असं नाही. कसाबसा हातपाय मारून काठाला लागायचो आणि उस्ताद दुसरीकडे बघायचे. चोवीस वर्षं मी ही गोष्ट लपवून काढली.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या पुरात आमचा कॉलम होता. बोटीत बसून घराघरातून माणसं काढायची. मी दिवसभर पुढच्या टोकाला बसून बायका-पोरांना हात देत होतो. लोक हात जोडत होते, एका म्हातारीनं माझ्या पायाला हात लावला. आणि माझ्या डोक्यात एकच, की हे लाइफ जॅकेट सुटलं तर मी या म्हातारीच्या आधी बुडणार. त्या रात्री मी जेवलो नाही. हे आज पहिल्यांदा लिहितोय. त्या बोटीवरचे जोडीदार वाचत असतील तर त्यांना आता कळलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये क्लबला गेलो. एका शाळेचा पंचवीस मीटरचा तलाव पहाटेचा एक तास भाड्यानं घेतलेला. पंधरा-वीस माणसं. इंजिनियर, एक दाताचे डॉक्टर, एक बंगाली नवरा-बायको, दोन कानडी कॉलेजची पोरं. पोहणं शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, केरळच्या, कधीकाळी स्पर्धेत पोहलेल्या. सगळे त्यांना कोच म्हणतात, मी पहिल्या दिवसापासून उस्ताद म्हणतो. त्यांना अर्थ सांगितला तेव्हा बऱ्याच खूश झाल्या.

पाण्यात उतरलो आणि फौजी स्टाइलमध्ये दम भरून डोकं खाली घातलं. दहा मीटर गेलो असेन. पाय दगडासारखे खाली, तोंड वर, नाकात पाणी. दोराला धरून खोकत बसलो. शेजारच्या लेनमधून एक आठ वर्षांची पोरगी, कुणाची तरी, शांतपणे मागे-पुढे करत होती. उस्ताद काठावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही श्वास घेताय, सोडत नाही. माणूस बुडायला लागतो तो श्वास कमी पडला म्हणून असं वाटतं, पण नवशिक्याच्या छातीत जुनी हवाच कोंडलेली असते. तोंड पाण्यात असताना सगळी सोडायची. तलावाचा लाइफगार्ड कानडी, तोही रोज काठावरून ओरडायचा, "उसिरु बिडी, अण्णा!" म्हणजे श्वास सोडा. बेळगावात राहून जेवढी कानडी येत होती त्यात एवढी भर पडली.

धावणाऱ्याचे घोटे ताठ असतात, पोहणाऱ्याचे लवचिक. त्यामुळे धावणारा पाय मारतो तरी पुढे जात नाही, हेही तिथंच कळलं. चोवीस वर्षांच्या बुटांनी केलेलं काम. पहिला महिना मी फक्त श्वास सोडायला शिकलो. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून बुडबुडे. गेटवर ज्यांच्या गाड्यांचे स्टिकर तपासायचे ते लोक शेजारून सपासप जायचे आणि मी बुडबुडे काढत उभा.

फौजेत प्रत्येकाला बडी असतो, ते तुम्हाला सांगायला नको. इथं तसला नियम नाही. पण नागपूरकर दर मंगळवारी त्याचे शेवटचे चार लॅप सोडून माझ्या लेनमध्ये यायचा. माझ्या पोटाखाली दोन बोटं धरायचा, बास. "मी धरून राहिलो भाऊ, तुम्ही सोडा." कधी त्यानं बोटं काढून घेतली ते मला कळलं नाही. त्या दिवशी मी पंचवीस मीटर गेलो होतो.

क्लबची फी उस्ताद घेईनात. फुकट मी शिकणार नव्हतो. मग ठरलं की गुरुवारी मी सगळ्यांची पीटी घ्यायची. मेंढक चाल, दंड, फायरमन लिफ्ट. पहिल्या गुरुवारी वीस जण आले, दुसऱ्याला अकरा. दाताचे डॉक्टर शुक्रवारी पेशंट तपासताना खाली वाकू शकले नाहीत म्हणे. पण नंतर सगळे परत आले.

सगळंच गोड होतं असं नाही, तेही सांगतो. काही लोकांच्या सायकली माझ्या दोन वर्षांच्या पगाराच्या. अर्धा वेळ बोलणं कुठलं घड्याळ, कुठला टायर, कुणाची नाडी किती. माणूस कमी, मीटर जास्त. एकानं मला विचारलं, तुमचा व्हीओटू मॅक्स किती? म्हटलं, कधी कुणी मोजला नाही, पण वीस किलो पाठीवर घेऊन चढायचो. त्यानं पुढे विचारलं नाही. आणि एक गृहस्थ असे होते की तलावावर हसून बोलायचे आणि गेटवर काच खाली न करता बोट दाखवायचे, की बॅरिअर उचल. मला त्याचं दुःख नाही झालं. राग आला, पण थोडा.

मार्च २०२४ ला पाणी संपलं. बेंगळुरूची ती टंचाई पेपरात वाचली असेल. आदल्या वर्षी पाऊस नाही, बोअर आटले, व्हाइटफील्डच्या मोठमोठ्या सोसायट्या टँकरवर. पिण्याचं पाणी गाड्या धुवायला, बागेला, पोहण्याच्या तलावाला वापरायचं नाही, वापरलं तर पाच हजार दंड, असा पाणीपुरवठा मंडळाचा हुकूम निघाला. शाळेनं तलाव बंद केला. क्लबवाले हळहळले. मला मात्र आतून बरं वाटलं. तलाव चालू होता तेव्हा दर वेळी पाण्यात उतरताना मला आमच्या गावची टँकरची रांग आठवायची, आणि लाखो लिटर पाण्यात मी बुडबुडे काढतोय याची लाज वाटायची. ती सोसायटीतली माणसं बादली घेऊन रांगेत उभी राहिली तेव्हा पहिल्यांदा आम्ही एका गावचे झालो.

तीन महिने आम्ही कोरडं पोहलो. झाडाला रबर बांधायचं, कमरेत वाकायचं आणि हवेत हात मारायचे. सकाळी फिरायला येणारे म्हातारे थांबून बघायचे. बाकी वेळ सायकल. दाताच्या डॉक्टरांनी त्यांची जुनी सायकल मला हप्त्यानं विकली, महिना दोन हजार. रविवारी पाचला होप फार्मला जमायचं, काडुगोडी, कन्नमंगल करत होसकोटे, पुढे कोलारच्या रस्त्यानं जमेल तितकं, आणि ऊन चढायच्या आत परत.

सायकलवर मला माझी जागा सापडली. ओळीत चालवताना पुढचा वारा खातो, मागच्यांची बरीच शक्ती वाचते. शर्यतीत असं चिकटून चालवायला बंदी असते, पण सरावात चालतं. पुढचा दमला की बाजूला होऊन शेवटी जातो, दुसरा पुढे येतो. पेट्रोलिंगला लीडिंग स्काउट बदलतो तसंच. मी जास्त वेळ पुढे राहायचो, कारण मला दुसऱ्याच्या चाकाकडे बघत बसण्याचा कंटाळा. आणि सर्वांत शेवटी जो रडतखडत येतोय त्याच्यासाठी कुणीतरी मागे राहायचं, हा नियम मी घातला. आधी तो नव्हता. आधी जो मागे पडला तो मागे पडला, त्यानं रिक्षा करावी. पहिल्यांदा मी कन्नमंगलच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याजवळ थांबलो तेव्हा पुढचे चार किलोमीटरवर जाऊन चहा पीत होते. परत आल्यावर मी काही बोललो नाही, फक्त सगळ्यांना मोजलं. एक, दोन, तीन, मोठ्यानं. पुढच्या रविवारी कुणी विचारलं, "आज गिनती नाही का साहेब?"

परत आलो की सायकल टेकवून लगेच इनर सर्कलला दोन फेऱ्या पळायचं. याला हे लोक ब्रिक म्हणतात. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले नसतात, उसने आणल्यासारखे वाटतात. पहिले दहा मिनिटं फक्त चालू राहायचं, मग ते परत आपले होतात.

जूनमध्ये पाऊस आला, तलाव उघडला. जुलैच्या शेवटी मी न थांबता दोनशे मीटर पोहलो. घरी फोन करून सांगितलं. बायको म्हणाली, "आणि इतकी वर्षं कोणत्या भरवशावर पाण्यात जात होता?" तिला सांगलीचं माहीत होतं, मी न सांगताच.

आता ऑगस्टचं. लेख लांबला त्याचं खरं कारण हेच आहे.

कंपनीत माणसं कमी करतात तेव्हा त्याची यादी सकाळीच सिक्युरिटीकडे येते. कुणाची कार्डं दुपारी बंद होणार, कुणाला गेटपर्यंत सोडायचं. गुप्त असते, आम्ही सही करून घेतो. मंगळवार होता. पहाटे तलावावर नागपूरकर बरोबर होता, ऑक्टोबरमध्ये गोव्याला जायचं म्हणून जोरात होता, मला समुद्रात लाटेत डोकं कधी वर काढायचं ते दाखवत होता. साडेआठला यादी आली. एकवीस नावं. सातवं त्याचं.

साडेनऊला तो आला. केस अजून ओले. कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला. मला म्हणाला, "काय भाऊ, खांदे दुखून राहिले का?"

मी म्हटलं, "गुड मॉर्निंग सर."

बघितलं त्यानं माझ्याकडे, जरा चमकून. मग आत गेला.

दुपारी दोनच्या सुमारास एचआरची पोरगी त्याला घेऊन आली. हातात खोका. कार्ड माझ्याकडे द्यायचं, लॅपटॉप जमा झाल्याची पावती मी बघायची, खोका तपासायचा. नियम आहे. खोक्यात मग, पोरीनं काढलेलं एक चित्र, चार्जरची वायर, आणि पोहण्याचा जुना चष्मा. मी पावती बघितली, रजिस्टरवर त्याची सही घेतली, आणि तोंडातून सवयीनं निघालं, "ठीक आहे साहेब."

तो म्हणाला, "आता तरी साहेब म्हणू नका भाऊ." आणि मग, पायरी उतरता उतरता, "तुम्हाला सकाळीच माहीत होतं ना?"

मी हो म्हटलं.

मी चोवीस वर्षं हुकूम पाळले. ती यादी फोडली असती तर माझी नोकरी गेली असती, आणि त्याला त्याचा काय उपयोग होता? पाच तास आधी कळलं असतं, एवढंच. मी उद्या पुन्हा तसंच करीन. हे सगळं मला पाठ आहे, मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलंय. तरी त्या "गुड मॉर्निंग सर"चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

गुरुवारी तो पीटीला आला नाही. रविवारी नाही. पुढच्या मंगळवारी नाही. क्लबमध्ये लोक म्हणाले, बिझी असेल. म्हणाले, स्पेस द्यायला पाहिजे. हा शब्द मी इथंच ऐकला. पलटणीत रोलकॉलला माणूस कमी पडला तर बॅरेकमध्ये माणूस पाठवतात, स्पेस देत नाहीत. दुसऱ्या रविवारी गिनती एकानं कमी आली तेव्हा मी सायकल वळवली आणि त्याच्या सोसायटीत गेलो. तिथल्या गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, "कुणाकडे", "काम काय". कामाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. मित्र, लिहिलं.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. "तुम्ही गेटवरचे ना?" म्हणाली. मला वाटलं आता दार लावते. तिनं आत घेतलं, चहा टाकला, आणि हळू आवाजात सांगितलं, कारण आतल्या खोलीत त्याची आई होती. आईला सांगितलेलं नव्हतं. तो रोज नऊला बॅग घेऊन निघत होता. काडुगोडीला मेट्रोत बसायचं, दुसऱ्या टोकाला चल्लघट्टापर्यंत जायचं, आणि परत. दिवसातून तीन-चार वेळा. एसी असतो, मोबाइल चार्ज होतो, कुणी विचारत नाही.

तो बाहेर आला, दाढी वाढलेली. मी आधी माफी मागितली. तो म्हणाला, "सोडा ना भाऊ, तुमची काय चूक." थोड्या वेळानं म्हणाला, "येऊन काय सांगू सगळ्यांना? ते विचारतील ना."

म्हटलं, "पाण्यात कुणी विचारत नाही. तोंड खाली असतं."

हसला जरा. म्हटलं, "मंगळवारी पाचला फॉलइन. आला नाहीस तर मी खाली उभा राहून गिनती करीन, मोठ्यानं, सगळी सोसायटी उठेल." पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि त्यालाही ते खटकलेलं दिसलं नाही.

मंगळवारी आला. कुणी काही विचारलं नाही, त्याला ते आधीच माहीत होतं असं नंतर कळलं. बंगाली नवऱ्यानं दोन कंपन्यांत त्याचा बायोडेटा दिला होता. आणि ज्या गृहस्थांनी मला बोटानं बॅरिअर दाखवलं होतं ना, त्यांनी गोव्याच्या हॉटेलात त्याची सोय आपल्या खोलीत केली आणि हे कुणाला कळू दिलं नाही. मला उस्तादांनी सांगितलं. माणसाबद्दल मत लवकर बनवू नये, हे मी दर पोस्टिंगला शिकतो आणि दर पोस्टिंगला विसरतो. गोव्याची फी आधीच भरलेली होती, परत मिळणार नव्हती, म्हणून तो गेला. २७ ऑक्टोबरला त्यानं ती पुरी केली. मी ड्यूटीवर होतो, मोबाइलवर त्याचा ठिपका पुढे सरकताना बघत होतो. पोहण्याचा ठिपका बराच वेळ हलला नाही तेव्हा माझा जीव खालीवर झाला. अमेरिकेत तीस वर्षांत ट्रायथलॉनमध्ये जे दगावले त्यातले दोन तृतीयांश पोहताना गेले, हे मी कुठंतरी वाचून बसलो होतो. वाचायला नको होतं. ठिपका हलला.

डिसेंबरमध्ये क्लबनं आपल्याआपल्यात छोटी चाचणी ठेवली. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ धावणं. पंचवीस मीटरच्या तलावात ७५० म्हणजे तीस लॅप. मी एका दमात वीसच्या वर कधी गेलेलो नव्हतो. सोळाव्याला बाकीचे बाहेर पडायला लागले. बाविसाव्याला तलावात मी एकटा. वर तोंड काढलं की उस्ताद काठावरून माझ्याबरोबर चालताना दिसायच्या, बोटांनी लॅप दाखवत. पंचविसाव्याला छाती आवळली, ते सांगलीचं पाणी आलं डोळ्यांपुढे, मातकट. मी दोर धरायला हात पुढे केला. आणि लाइफगार्ड, जो एरवी खुर्चीत डुलक्या घेतो, तो काठावर ओणवा होऊन ओरडला, "उसिरु बिडी!"

सोडला.

तीस पुरे झाले तेव्हा घड्याळात अठ्ठावीस मिनिटं झाली होती. बाहेर आलो, सायकली ठेवल्या होत्या तिकडे गेलो. सगळ्या गेल्या होत्या, दोनच उरल्या होत्या, माझी आणि नागपूरकराची. तो बारा मिनिटं आधी बाहेर आलेला. माझे बूट उघडून ठेवलेले, हेल्मेट हँडलवर अडकवलेलं, आणि हा जमिनीवर बसून केळं खातोय.

मी म्हटलं, "तुझं टायमिंग गेलं की रे."

"जाऊ द्या. मला सध्या कुठं घाई आहे भाऊ?"

होसकोटेच्या रस्त्यावर मी पुढे राहिलो, तो माझ्या चाकामागे. शेवटून पहिले दोघं आम्हीच आलो. धावताना मी त्याला सोडून पुढे गेलो, ते मात्र सांगतो. धावण्यात सवलत नाही.

फेब्रुवारीत त्याला पुण्यात नोकरी लागली, हिंजवडीला. आईला तेव्हाच सगळं एकदम सांगितलं म्हणे, आणि आईला ते मेट्रोच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तिथं त्यानं सायकलवाले शोधलेत, पोहायला तलाव शोधतोय. रविवारी पहाटे पाचला त्याचा मिस कॉल येतो. एक रिंग म्हणजे निघालोय, दोन रिंगा म्हणजे आज नाही. मी होप फार्मला गिनती करताना त्याचा आकडा धरतो. नवीन पोरं विचारतात, साहेब, आपण चौदा आहोत, तुम्ही पंधरा का मोजता. गेल्या रविवारी दोन रिंगा आल्या. नंतर कळलं, पोरीला ताप होता.